नोकरीतला ताण आणि नोकरी शोधण्याचा ताण: दोन्हींचे इलाज वेगळे

ताणावरचा कुठलाही लेख उघडा, पहिला सल्ला खोल श्वास घेण्याचा असतो. श्वासाचं या लेखातही येणार आहे, पण बरंच खाली. कामाचा ताण कामाच्या वाटणीतून, वरिष्ठांच्या पद्धतीतून, बेभरवशाच्या उत्पन्नातून आणि उत्तर न देणाऱ्या कंपन्यांमुळे तयार होतो. म्हणून तिथे काही बदलता येतं का हे आधी पाहायचं आणि जे बदलणार नाही ते झेलायला शरीर-मन तयार करायचं, हा क्रम मला जास्त पटतो. उलटं केलं तर माणूस ध्यान करून ताजातवाना होतो आणि पुन्हा त्याच घाण्याला जुंपला जातो.

नोकरीत असतानाचा ताण आणि नोकरी शोधतानाचा ताण यांची घडणही जवळजवळ उलटी असते. नोकरीत मागण्या भरपूर असतात आणि हातात अधिकार कमी. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं: नुसतं जास्त काम माणसाला तितकं पोखरत नाही, जितकं जास्त काम आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा नसणं पोखरतं. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासांतही तसंच दिसलं. हृदयविकाराचं प्रमाण मोठ्या जबाबदाऱ्या पेलणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या लोकांमध्ये जास्त होतं, आणि त्यामागे कामावर ताबा नसणं हे एक महत्त्वाचं कारण निघालं.

नोकरी शोधताना मात्र मागणारं कुणी नसतं. दिवस मोकळा पडलेला असतो. मेहनत आणि फळ यांचा संबंध तुटलेला असतो: चांगला अर्ज केला तरी उत्तर नाही, घाईत केलेल्या अर्जाला अचानक फोन. एकाला कामाचा बोजा उतरवायचा असतो, दुसऱ्याला दिवसाला आकार द्यायचा असतो. दोघांना एकच सल्ला दिला की एकाचं तरी नुकसान होतं.

पहिली पायरी: आठवडाभर नोंद

एक छोटी वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा. आठवडाभर, ताण जाणवला की फक्त तीन गोष्टी टिपायच्या: किती वाजले, त्याच्या लगेच आधी काय घडलं, शरीरात काय झालं. “सकाळी ११:२०. मॅनेजरचा ‘जरा बोलायचंय’ असा मेसेज. पोटात गोळा.” बस्स. कारणमीमांसा नको, स्वतःला समजावणं नको, आपलं चुकलं का याचा निवाडाही नको.

आठवड्याच्या शेवटी या नोंदींचे गट पाडा. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी कामावर माणूस आणि नोकरी यांचं जिथे बिनसतं अशी सहा ठिकाणं सांगितली आहेत: कामाचा बोजा, अधिकार, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. प्रत्येक नोंद यांपैकी कशात बसते ते बघा. “काम फार आहे” म्हणणाऱ्या माणसाच्या वहीत पुष्कळदा बोजाच्या नोंदी मोजक्याच सापडतात. बाकीच्या असतात ऐनवेळी बदललेल्या सूचनांच्या, दर दहा मिनिटांनी येणाऱ्या व्यत्ययांच्या, किंवा एका विशिष्ट माणसाच्या. अशा वेळी काम कमी करून मागितलं तरी ताण जागचा हलत नाही.

नोकरी शोधत असाल तरी ही नोंद करा. तिथे गट वेगळे पडतील: पैशाची काळजी, वाट पाहणं, नकार, घरच्यांचे आणि नातेवाइकांचे प्रश्न, दुसऱ्यांच्या बढत्यांच्या पोस्ट. शेवटचा गट मोठा निघाला तर उपाय सोपा आहे. नोकरीसाठीच्या संकेतस्थळावर फक्त शोधाचं पान उघडायचं, फीड नाही.

बोजा खरंच जास्त असेल तर

इथे वरिष्ठांशी बोलण्याला पर्याय नाही, आणि बहुतेक लोक नेमकं तेच टाळतात. किंवा इतकं टाळतात की एक दिवस भडका उडतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

बोलण्याआधी अर्धा तास घालवून एका पानावर हातातली सगळी कामं मांडा. प्रत्येकासमोर लिहा: कुणी दिलं, कधीपर्यंत हवंय, अंदाजे किती तास लागतील. जी कामं कुणाच्या यादीत नसतात तीही धरा: नव्या माणसाला शिकवणं, दुसऱ्या विभागाचे फोन, दर सोमवारचा अहवाल. तासांची बेरीज करा. ती आठवड्याच्या तासांपेक्षा बरीच जास्त निघाली तर तुमच्याकडे तक्रारीऐवजी आकडा आहे. बेरीज तासांत बसत असेल, तर गडबड दुसरीकडे आहे आणि पुन्हा वहीकडे वळायला हवं.

मग वेळ मागून घ्या. जाता-येता, जिन्यात, मीटिंगनंतरच्या दोन मिनिटांत हे बोलणं होत नाही. “माझ्यावर फार लोड आहे” अशी सुरुवात केली की समोरून “सगळ्यांवरच आहे” हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी निर्णय मागा:

“सध्या माझ्याकडे ही सहा कामं आहेत. या आठवड्यात यातली चार नीट होतील. ऑडिटचं आधी घेऊ की नव्या क्लायंटचं? जे मागे राहील ते पुढच्या बुधवारी दिलं तर चालेल का?”

“सगळंच महत्त्वाचं आहे” असं उत्तर आलं, तर गप्प बसून परत फिरायचं नाही. “ठीक आहे, मग मी या क्रमाने घेतो. शेवटची दोन शुक्रवारपर्यंत होणार नाहीत असं धरून चालतो. क्रम बदलायचा असेल तर सांगा.” आणि जागेवर येऊन तेच चार ओळींत ईमेलने पाठवा. हे वरिष्ठांना अडकवण्यासाठी नाही. त्यांच्याही डोक्यात वीस गोष्टी असतात आणि तोंडी ठरलेलं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

नवं काम येईल तेव्हा तोंडातून पहिला शब्द “हो” निघत असेल, तर त्याच्या जागी एक प्रश्न बसवा: “हे घेतो, पण मग हातातलं कुठलं बाजूला ठेवू?” एवढ्याने नकार न देताही किंमत समोर येते. दोन वरिष्ठ असतील आणि दोघांनाही आपलंच काम आधी हवं असेल, तर मध्ये उभं राहून दोघांना खूश ठेवण्याचा प्रयत्न सोडा. दोघांना एकाच ईमेलमध्ये घेऊन क्रम विचारा.

हे दोन-तीनदा नीट करूनही काही हललं नाही, तर तीही माहितीच आहे. ही जागा बदलणार नाही, एवढं कळलं. मग शोध सुरू करायचा की काही महिने तग धरायचा, हे शांत डोक्याने ठरवता येतं.

अधिकार कमी असेल तर

कामाचे नियम बदलणं हातात नसतं, पण कामाच्या आतले छोटे निर्णय बऱ्याचदा असतात. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम सुमार होतं. दिवसभर मेसेज, फोन आणि “एक मिनिट जरा” यांच्यात फिरणाऱ्या माणसाला संध्याकाळी फारसं काही न करताही गळून गेल्यासारखं का वाटतं, याचं हे एक उत्तर.

व्यत्यय आला की उठण्याआधी एक ओळ लिहा: “कुठे थांबलो, परत आल्यावर पहिलं काय करायचं.” दहा सेकंद लागतात. मेसेज आणि ईमेल पाहण्याच्या वेळा ठरवा, दर तासाला एकदा ठरवलं तरी फरक पडतो, आणि टीमला सांगून ठेवा की खरंच तातडीचं असेल तर फोन करा. न सांगता उत्तरं उशिरा दिली तर लोक दुप्पट मेसेज करतात.

अर्थात हे टेबलावर काम करणाऱ्यांसाठी झालं. दुकानाचा काउंटर, वॉर्डातली ड्युटी, कॉल सेंटर, वाहन चालवणं अशा कामांत मेसेजच्या वेळा ठरवण्याची भाषा हास्यास्पद आहे. तिथे ताबा मिळतो तो वेगळ्या ठिकाणी: कुणाशी शिफ्ट बदलता येते, सुट्टी कधी जोडून घेता येते, ब्रेक खरोखर जागा सोडून घेता येतो का, तापलेला ग्राहक किंवा नातेवाईक आला की सहकाऱ्याला पुढे करण्याचा ठरलेला इशारा आहे का. हे सहकाऱ्यांनी मिळून ठरवायचं असतं. एकट्याने मागितलं तर कुरकुर वाटते, चौघांनी मिळून वेळापत्रकच मांडलं तर बऱ्याचदा मान्य होतं.

दिवस बंद करणं

घरी पोचल्यावरही डोक्यात ऑफिस चालू राहतं, कारण अपुरी कामं मनाला टोचत राहतात. ती सगळी संपवणं शक्य नसतं, आणि सुदैवाने गरजही नसते. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या प्रयोगांत असं दिसलं की अपुऱ्या कामाची नेमकी योजना लिहिली की ते मनात घुसायचं थांबतं. नेमकी म्हणजे “अहवाल पूर्ण करणे” नव्हे. “उद्या सकाळी आल्या आल्या तक्ता तीन तपासायचा, मग अकाउंट्सला फोन”.

निघण्याआधीची दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा. उद्याचं पहिलं काम लिहा, उघडी पानं बंद करा, टेबल आवरा. घरून काम करत असाल तर याची गरज जास्त आहे, कारण मध्ये प्रवासच नसतो. लॅपटॉप बॅगेत घालून नजरेआड ठेवा, कपडे बदला, पाच मिनिटं बाहेर चक्कर मारून या. झोपताना विचार सुरू होत असतील तर बिछान्याशेजारी कागद ठेवा आणि पुढच्या दिवसांची कामं पाच मिनिटं लिहून काढा. २०१८ मध्ये झोपेच्या प्रयोगशाळेत झालेल्या एका प्रयोगात, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा राहिलेल्या कामांची यादी लिहिणारे लवकर झोपी गेले. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

रोजच उशिरापर्यंत थांबणं ही निष्ठेची खूण मानणाऱ्या ऑफिसांबद्दल एक आकडा माहीत असलेला बरा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो.

जिथे सहन करणं हा उपाय नाही

अपमान, धमक्या, लैंगिक छळ, जात-धर्म-लिंग यांवरून मिळणारी वागणूक, मुद्दाम अडकवलेला पगार. यांसाठी ताण-व्यवस्थापन शिकत बसू नका. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, मेसेज आणि ईमेलच्या प्रती जपा, आणि तक्रार समिती, कामगार संघटना किंवा वकील यांपैकी जिथे पोचता येईल तिथे जा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार स्वीकारला. असं वागणं “स्वभाव असतो एकेकाचा” म्हणून सोडून द्यायचं नसतं, हे आता जगभर मान्य आहे.

बर्नआउटचंही थोडं असंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्याला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळलेल्या, लांबलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. त्याची तीन लक्षणं: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. आठवड्याच्या सुट्टीने पहिलं लक्षण थोडं हलकं होतं. उरलेली दोन परत आल्यावर तिथेच वाट पाहत असतात, कारण काम तेच असतं.

नोकरी गेली असेल तर पहिले काही दिवस

पहिल्याच रात्री दिसेल त्या जाहिरातीला अर्ज पाठवण्याचा मोह होतो. थांबा. घाबरून केलेले अर्ज वाचणाऱ्याला कळतात, आणि चांगल्या ठिकाणी पहिली छाप वाया जाते.

आधी कागद: अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, शिल्लक रजेचे आणि इतर येणे पैसे, विमा कधीपर्यंत चालू आहे. हे सगळं लेखी मागा, आणि संबंध बरे असतानाच मागा. मग पैसे. हातातली रक्कम भागिले महिन्याचा अत्यावश्यक खर्च, म्हणजे किती महिने. उत्तर तीन येवो की नऊ, न मोजलेल्या भीतीपेक्षा मोजलेला आकडा हलका असतो. त्याच दिवशी एक तारीख ठरवा: या दिवसापर्यंत मनासारखं काम मिळालं नाही तर तात्पुरतं, कमी पगाराचं काम घ्यायचं. ही तारीख आधी ठरलेली असली की रोज रात्री “आता काय” हा प्रश्न नव्याने उठत नाही.

घरी सांगा. रोज तयार होऊन बाहेर पडायचं आणि बाकावर बसून परत यायचं, हे करणारी माणसं असतात, आणि त्यांच्या वाट्याला नोकरी गेल्याच्या ताणावर लपवण्याचा ताणही येतो. सांगताना सोबत योजना सांगा: पैसे किती महिने पुरतील, शोध कसा करणार, आणि “काही झालं का” हा प्रश्न रोज विचारू नका, मी दर रविवारी सांगेन. हा रविवारचा करार लहान वाटतो, पण घरातली धुसफूस त्याने निम्मी होते.

नंतर पाच दिवस रोज वीस मिनिटं लिहा. काय झालं, कसं वाटलं, राग कुणाचा येतोय, अगदी कच्चं, कुणाला न दाखवण्यासाठी. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नोकरी गेलेल्या व्यावसायिकांपैकी काहींनी असं पाच दिवस लिहिलं, आणि पुढच्या महिन्यांत त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी अर्ज जास्त केले नव्हते. मला पटणारा अर्थ असा की, कागदावर ओकलेली कटुता मुलाखतीत तोंडातून निघत नाही.

मोकळ्या दिवसाला आकार

ऑस्ट्रियातलं मारिएंथाल हे छोटं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचायला वेळच वेळ असूनही गावातल्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण घसरलं होतं. पुरुष रस्त्यावरून हळू चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायकांना घरची कामं असल्यामुळे त्यांची चाल भरभर होती. याहोदाने पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरच्या लोकांशी संबंध, सामायिक उद्देश, समाजात ओळख, आणि नियमित हालचाल.

म्हणून शोधाच्या काळातलं वेळापत्रक या पाच गोष्टी भरून काढण्यासाठी करायचं, अर्जांची संख्या वाढवण्यासाठी नाही. उठण्याची वेळ पक्की. शोधाचं काम सकाळी तीन-चार तास, एकाच जागी बसून, आणि नंतर बंद. दिवसभर पोर्टल रिफ्रेश करत राहणं हे काम नव्हे, ती काळजीच आहे, फक्त कामासारखी दिसणारी. दुपारी काहीतरी शिकणं, किंवा कुणाच्या उपयोगी पडणं: ओळखीच्या दुकानाचा हिशेब, शेजारच्या मुलाचा अभ्यास, एखाद्या संस्थेत स्वयंसेवा. आठवड्यातून दोन-तीनदा माणसांना प्रत्यक्ष भेटणं. एक दिवस पूर्ण सुट्टी, अपराधी न वाटता.

अर्ज, ओळखी आणि शांतता

“या महिन्यात नोकरी मिळवायची” हे उद्दिष्ट तुमच्या हातात नाही, आणि हातात नसलेल्या उद्दिष्टावर रोज नापास होत राहिलं की माणूस खचतो. आठवड्याचं उद्दिष्ट कृतींत मोजा: नीट वाचून, त्या जागेसाठी बायोडेटा जुळवून केलेले पाच अर्ज, पाच माणसांशी बोलणं, एका मुलाखतीची तयारी. शनिवारी ते झालं असेल तर आठवडा यशस्वी, फोन आला असो वा नसो.

बोलायचं कुणाशी? जवळच्या मित्रांना बहुधा तेवढंच माहीत असतं जेवढं तुम्हाला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ मधल्या प्रसिद्ध लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे होते, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचित भेटणारे होते. तेव्हा जुने सहकारी, कॉलेजमधले मागच्या बाकावरचे, कधीकाळचे क्लायंट यांची यादी करा. “नोकरी असेल तर सांगा” असं लिहू नका, त्यावर समोरच्याला काही करताच येत नाही. “तुमच्या कंपनीत खरेदी विभागाचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय, पंधरा मिनिटं बोलता येईल का?” याला होकार देणं सोपं असतं.

प्रत्येक अर्जाची एका तक्त्यात नोंद ठेवा: तारीख, जागा, कुणामार्फत, पुढची कृती. दहा दिवसांनी एकदाच विचारणा करायची. त्यानंतरही उत्तर नाही, तर त्या ओळीसमोर “बंद” लिहायचं. नंतर फोन आलाच तर आनंदच आहे, पण तुम्ही वाट पाहत बसलेले नसता. माझ्या मते शोधातला सर्वांत वाईट भाग नकार नसून ही शांतता आहे. तिचा अर्थ लावत बसू नका. जागा आतल्या माणसाने भरली असेल, बजेट गोठलं असेल, अर्ज कुणी उघडलाही नसेल.

नकाराची तयारी नकाराआधी

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात बेकारांसाठी काही दिवसांचं एक प्रशिक्षण तयार केलं. त्याच्या चाचण्यांत सहभागी लोकांना पुन्हा काम मिळण्याचं प्रमाण वाढलं आणि नैराश्य कमी झालं. त्यातली एक गोष्ट घरी करता येते: अपयश येण्याआधीच त्याचा आराखडा आखायचा. कागदावर लिहा: “शेवटच्या फेरीनंतर नकार आला तर मी त्या दिवशी काय करीन?” उत्तर ठोस हवं. अमुक मित्राला फोन, तासभर चालणं, त्या दिवशी नवा अर्ज नाही, दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं आभाराचं ईमेल आणि “कुठे कमी पडलो ते सांगू शकाल का” हा एक प्रश्न. बरेच जण उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांचं एक वाक्यही कामाचं असतं.

एकाच टप्प्यावर वारंवार अडत असाल, तर तिथेच बघा. फोनच येत नसतील तर बायोडेटा किंवा निवडलेल्या जागा चुकतायत. पहिली फेरी होते आणि पुढे काही नाही, तर मुलाखतीची तयारी. शेवटच्या फेरीपर्यंत दोन-तीनदा पोचला असाल, तर तुमच्यात फारसं काही चुकत नाहीये; शोध तसाच चालू ठेवा.

मुलाखत

धडधड थांबवायचा प्रयत्न करू नका, ती थांबत नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत, भाषणाआधी “मी शांत आहे” म्हणणाऱ्यांपेक्षा “मला उत्साह वाटतोय” म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. घाबरणं आणि उत्साह या दोन्हींत शरीर सारखंच तापलेलं असतं, म्हणून तिकडे वळणं सोपं.

बाकी तयारी कंटाळवाणी आणि हमखास उपयोगी आहे. केलेल्या कामातले पाच प्रसंग निवडा, प्रत्येकाचं तीन भागांत उत्तर तयार करा: अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, शेवटी काय झालं. मोठ्याने बोलून पाहा, मनात नाही. “आधीची नोकरी का सोडली” आणि “मधले महिने काय केलंत” यांची दोन वाक्यांची खरी उत्तरं पाठ ठेवा: “कंपनीने विभाग बंद केला. या काळात मी अमुक शिकलो आणि आता अशा कामाच्या शोधात आहे.” तिसरं वाक्य जोडलं की माणूस स्पष्टीकरणं द्यायला लागतो.

नोकरीत राहून शोधत असाल तर

हा सगळ्यांत थकवणारा प्रकार, कारण दोन्ही ताण एकत्र येतात. शोध आठवड्यातल्या दोन ठरलेल्या वेळांपुरता ठेवा, एक संध्याकाळ आणि सुट्टीची एक सकाळ. ऑफिसचा लॅपटॉप, ईमेल आणि इंटरनेट यासाठी वापरू नका. मुलाखतींसाठी दरवेळी नवी थाप मारण्यापेक्षा रजा टाका. सहकाऱ्याला “कुणाला सांगू नकोस” म्हणून सांगणं टाळा. आणि दुसऱ्या नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. अपवाद एकच, सध्याची जागा तब्येत किंवा सुरक्षितता मोडत असेल तर.

शरीराचं

प्रौढांना रात्री किमान सात तास झोप लागते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवली तर झोपण्याची वेळ हळूहळू आपोआप बसते. कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतरचा चहा-कॉफी रात्री हिशेब मागते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं एवढी हालचाल पुरेशी. तीस मिनिटांचे पाच दिवस. दारू झोप लवकर आणते आणि मध्यरात्रीनंतर मोडते.

आणि श्वास. मीटिंग किंवा मुलाखतीच्या आधी दोन-तीन मिनिटं, चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके हळू पडतात. त्या दोन-तीन मिनिटांसाठी हा उपाय चांगला आहे. त्याच्याकडून त्यापलीकडची अपेक्षा ठेवू नका.

डॉक्टरकडे कधी

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच रस न उरणं, झोप किंवा भूक पार बिघडणं, अचानक येणारे धडकीचे झटके, रोज दारूचा आधार लागणं: यांपैकी काही असेल तर डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. छातीत दुखत असेल तर “ताणामुळे असेल” असं स्वतःच ठरवू नका, लगेच तपासून घ्या. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वाट पाहायची नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका, आणि जवळच्या रुग्णालयात किंवा मदतवाहिनीवर संपर्क करा.

ऑफर आल्यावर

दमलेला माणूस पहिल्या ऑफरला आनंदाने होकार देतो आणि कधीकधी त्याच त्रासात नव्या पत्त्यावर जाऊन बसतो. एक-दोन दिवस मागून घ्या. विचार करायला वेळ मागितला म्हणून सहसा कुणी ऑफर मागे घेत नाही. त्या वेळात विचारा: ही जागा का रिकामी झाली, आधीचा माणूस किती काळ होता, मी कुणाला उत्तरदायी असेन आणि त्यांच्याशी एकदा बोलता येईल का, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे, सुट्टीच्या दिवशी फोन आला तर तो कशासाठी असतो. उत्तरांपेक्षा उत्तर देतानाचा अवघडलेपणा जास्त सांगून जातो. तिथे आधी काम केलेल्या एखाद्या माणसाशी बोलता आलं तर त्याच्या दहा मिनिटांत मुलाखतीच्या तीन फेऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

होकार दिलात तर रुजू होण्याची तारीख, पैशाची चणचण नसेल तर, एक आठवडा पुढची मागा. त्या आठवड्यात दवाखान्याची राहिलेली कामं, बँकेची कामं आणि झोप उरकून घ्या. नव्या जागी पहिले काही महिने सुट्टी टाकणं अवघड जातं.